पान हललं की सूची कोसळते, काय करू?

पत्र: नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, चिपळूणला असते. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं काम माझ्याकडे आलंय. वर्डमध्ये ४३० पानं झालीत. शेवटची नावांची सूची मी वहीत हातानं केली, नाव आणि पुढे पान नंबर. आणि मग पुण्याच्या शाखेनं उशिरा मजकूर पाठवला, तो मध्ये घातला तर पुढचे सगळे नंबर चुकले. भाचा म्हणतो वर्ड सूची आपोआप करतं, म्हणून 'मार्क ऑल' दाबून बघितलं तर 'गणेश' पुढे पानंच पानं आली, त्यात घराण्यातले सगळे गणेश आणि देव्हाऱ्यातला गणेशसुद्धा. त्यात पहिल्या आवृत्तीचा मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाइलमधून घेतलाय, तो कुठल्या वेगळ्याच फॉन्टात आहे. प्रेसवाले म्हणतात सूची सोडून द्या, पानं वाढतात. खरंच सोडू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, सूची सोडू नका. कादंबरीला सूची नसली तर कुणाचं काही अडत नाही, पण कुलवृत्तांत कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही हो, माणूस पुस्तक हातात घेतो ते थेट आपल्या आजोबांचं नाव शोधायला, आणि ते दोन मिनिटांत सापडलं नाही तर पुस्तक कपाटात जातं ते तिथेच राहतं. तुमच्या ४३० पानांत शेवटची पंधरा-वीस पानंच सगळ्यात जास्त उघडली जाणार आहेत.

आता भाचा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. पान नंबर वर्ड आपोआप लावतं, आणि मजकूर कितीही पुढेमागे हलला तरी बरोबर लावतं, पण कुठला गणेश कोण हे वर्डला कळत नाही आणि कधी कळणारही नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल, एकेका जागी. म्हणजे वहीत जे डोक्याचं काम तुम्ही केलंय ते वाया गेलेलं नाही, उलट तीच वही आता कामाला येणार आहे, फक्त त्यातले पान नंबर विसरायचे आणि नावं तेवढी ठेवायची.

पण त्याच्याही आधी तो फॉन्टचा घोळ. हे पहिलं करा, बाकी सगळं नंतर. पहिल्या आवृत्तीतला एक परिच्छेद सिलेक्ट करा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा आकडा असलेल्या पद्धतीत), काळजी नाही. आणि जर एकदम इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसायला लागला तर तो श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच आहे, इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवलेला आहे. अशा मजकुराची सूची केली तर तिचा क्रम अआइई असा लागतच नाही, मुखवट्यामागच्या अक्षरांप्रमाणे लागतो आणि 'वासुदेव' कुठेही जाऊन बसतो. शोधायला गेलात तर युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव त्या भागात सापडणारही नाही. त्यामुळे तो सगळा भाग कन्व्हर्टरमधून (जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणारा प्रोग्रॅम) युनिकोडमध्ये आणा, आणि आणल्यावर एकदा डोळ्याखालून घाला कारण कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुका करतात. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण याला खरंच बगल देता येत नाही.

सगळी प्रकरणं एकाच फाइलीत आणा. वेगवेगळ्या फाइलींतून सूची काढायची सोय वर्डमध्ये आहे पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. आणि पानाचा आकार आत्ताच छपाईचा करून घ्या, पुस्तक डेमीत (ए-फोरपेक्षा लहान पुस्तकी आकारात) निघणार असेल तर ए-फोरवर दिसणारे ४३० हा आकडाच खरा नाही, डेमीत पानं बरीच वाढतील. नंबर काय, नंतर आपोआप बदलतीलच, पण प्रेसशी बोलताना खरा आकडा हातात असावा. फाइलची एक कॉपी वेगळी ठेवा आणि मगच पुढचं सुरू करा.

आता वर्ड हे करतं कसं ते सांगते, एकदा कळलं की भीती जाते. तुम्ही मजकुरातलं नाव सिलेक्ट करून ऑल्ट-शिफ्ट-एक्स दाबलंत (किंवा रेफरन्सेस टॅबमध्ये जाऊन मार्क एन्ट्री) की एक छोटी खिडकी उघडते. त्यात मेन एन्ट्रीच्या चौकटीत ते नाव आलेलं असतं. मार्क दाबलं की वर्ड त्या नावाला चिकटून एक अदृश्य खूण घालतं, महिरपी कंसात एक्सई अशी अक्षरं आणि पुढे अवतरणात नाव. ही खूण छापली जात नाही पण ती त्या नावाबरोबर राहते, परिच्छेद उचलून दुसरीकडे नेलात तर खूणही जाते, मध्ये नवीन मजकूर आला तर खूण पुढच्या पानावर सरकते. शेवटी सूची काढताना वर्ड फक्त सगळ्या खुणा गोळा करतं, कुठली कुठल्या पानावर आहे बघतं आणि क्रमानं मांडतं. म्हणजे पुण्याच्या शाखेनं उद्या आणखी मजकूर पाठवला तरी तुम्हाला फक्त त्या नव्या मजकुरात खुणा घालायच्या, बाकीचे नंबर एका बटणावर दुरुस्त.

गंमत अशी की मेन एन्ट्रीच्या चौकटीत जे आलंय ते बदलता येतं, आणि तुमच्या कामाची सगळी किल्ली इथे आहे. मजकुरात नुसतं 'गणेशपंत' लिहिलेलं असेल तरी चौकटीत तुम्ही 'गणेश विष्णू (हेदवी शाखा, ज. १८७२)' असं लिहू शकता आणि सूचीत तेच येईल. (नावं, साल मी उदाहरणाला घेतलीयेत.) आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे विष्णू गणेश, गणेश विष्णू, परत विष्णू गणेश अशी साखळीच लागते आणि शाखा चार असल्या की एकाच नावाची सात-आठ माणसं सहज होतात. आडनाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे ओळखीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून नाव, वडिलांचं नाव, शाखा किंवा गाव, आणि माहीत असेल तर जन्मसाल, असं चौघांनी मिळून एक माणूस पक्का होतो. आणि म्हणूनच कुलवृत्तांतात माणसांच्या नावांना मार्क ऑल कधीच, कधीच वापरायचं नाही. ते सगळ्या गणेशांना एकाच ओळीत कोंबतं, आणि वर परत प्रत्येक परिच्छेदात फक्त पहिल्या ठिकाणी खूण घालतं, म्हणजे लांबलचक परिच्छेद दोन पानांवर गेला आणि नाव दोन्हीकडे असलं तर दुसरं पान सुटतं.

तुमच्या आत्ताच्या फाइलीत मार्क ऑलच्या खुणा पडलेल्या असतील तर त्या काढून टाका. होम टॅबवरचं ते उलट्या पी सारखं परिच्छेदाचं चिन्ह एकदा दाबा म्हणजे खुणा दिसतील, मग कंट्रोल-एच, फाइंडच्या चौकटीत सहाच्या आकड्यावरचं टोपीसारखं चिन्ह, त्याला चिकटून लहान डी, एक स्पेस, आणि एक्सई ही दोन इंग्रजी कॅपिटल अक्षरं, रिप्लेसची चौकट रिकामी, रिप्लेस ऑल. सगळ्या खुणा गेल्या, मजकूर जसाच्या तसा. मूळ कॉपी ठेवलीयेच आपण.

आता तुमच्या वहीवरून एक पक्की यादी करा, एक्सेलमध्ये किंवा वर्डच्याच दुसऱ्या फाइलीत. प्रत्येक माणसाची एकच ओळ, सूचीत जशी छापली जावी तशीच. खुणा घालताना नाव परत टाइप करायचं नाही, यादीतून कॉपी करून चौकटीत पेस्ट करायचं. हे मी एवढं बजावून सांगतेय कारण मराठीत एकच नाव दहा तऱ्हेनं टाइप होतं आणि वर्डसाठी प्रत्येक तऱ्हा म्हणजे वेगळा माणूस. विष्णु आणि विष्णू बघा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या कागदांत ऱ्हस्व विष्णु, हरि अशीच नावं सर्रास सापडतात, तुमच्या जुन्या आवृत्तीतही असणार, आणि पुण्याच्या शाखेनं दीर्घ लिहिलं असणार. मजकुरात राहू देत जसं आहे तसं, पण सूचीत एकच हवं.

याहून वाईट म्हणजे जे डोळ्याला दिसतच नाही ते. 'साताऱ्यात' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, काही कीबोर्ड खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर, कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, भिंग लावलं तरी फरक नाही, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द. सूचीत एकच नाव एकाखाली एक दोनदा आलं आणि काही केल्या कारण सापडेना, तर नव्वद टक्के हेच असतं असं समजा. तुमच्या मजकुराचे तुकडे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेत, म्हणजे हे होणारच. यादीतून पेस्ट करायचं म्हणते ते यासाठी.

तसाच विसर्ग. बरेच लोक विसर्गाच्या जागी कोलन टाइप करतात, 'अंत:करण', 'दु:ख' वगैरे. वर्डच्या सूचीत कोलनला स्वतंत्र अर्थ आहे, कोलनच्या आधीचं मुख्य नोंद आणि नंतरचं तिच्या पोटातली उपनोंद. म्हणजे चौकटीत कोलन घालून शब्द टाइप केलात की सूचीत शब्दाचे दोन तुकडे होऊन अर्धा वर, अर्धा खाली. खरा विसर्ग टाइप करा. पण हाच कोलन मुद्दाम वापरायचा असेल तर फार उपयोगी आहे, 'पुणे:स्थलांतर', 'पुणे:प्लेग' असं लिहिलं की पुणे वर आणि त्याखाली दोन ओळी नीट आत सरकून येतात.

नोंद 'कै.', 'श्री.', 'सौ.', 'ती.' नं सुरू करू नका. घराण्याच्या पुस्तकात हे लिहिल्याशिवाय अनेकांना बरं वाटत नाही, समजू शकते, पण मग अर्धं घराणं 'क' मध्ये जाऊन बसेल. मजकुरात आदर राहू दे, सूचीत नुसतं नाव.

आता बायकांच्या नावांकडे येते, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण हे राहिलं तर सूची असून नसल्यासारखी. जुन्या कुलवृत्तांतांत घरात आलेल्या सुनेचं बहुतेकदा सासरचं नाव तेवढं असतं, माहेरचं असलं तर कंसात कुठेतरी, आणि घरातून गेलेल्या मुलीची एक ओळ, 'दुर्गा, अमक्यांना दिली'. संपलं. पण पुस्तक उघडून शोधणारी निम्मी माणसं या दुर्गाचीच नातवंडं-पतवंडं असतात. त्यांना फक्त एवढंच माहीत असतं की आमची पणजी या घराण्यातली, आणि तिचं सासरचं आडनाव म्हणजे आमचं आडनाव. ती सूचीत कुठे बघणार? 'दुर्गा' नाव त्यांना ठाऊकच नसतं, कारण लग्नात नाव बदललं आणि घरात सगळे तिला सरस्वतीकाकू म्हणायचे.

म्हणून प्रत्येक बाईच्या किमान दोन नोंदी. सून असेल तर सासरच्या नावानं पूर्ण नोंद पान नंबरासकट, आणि माहेरच्या नावानं एक 'पाहा'ची नोंद. मुलगी असेल तर माहेरच्या नावानं पूर्ण नोंद आणि सासरच्या आडनावानं 'पाहा'. ही 'पाहा'ची सोय वर्डमध्ये तयार आहे, त्याच खिडकीत क्रॉस-रेफरन्स म्हणून पर्याय असतो, त्यात इंग्रजीत 'सी' (See) लिहिलेलं असतं ते पुसून 'पाहा' लिहायचं आणि पुढे मुख्य नोंद जशीच्या तशी पेस्ट करायची. अशा नोंदीला पान नंबर येत नाही, त्यामुळे तिची खूण मजकुरात कुठेही असली तरी चालते. मी तर म्हणेन सगळ्या 'पाहा'च्या खुणा मजकुराच्या अगदी शेवटच्या ओळीत एका जागी घाला, दुरुस्त करायला सोप्या पडतात. तात्या, अण्णा, नानासाहेब, बाईआत्या ही घरातली हाक मारायची नावंही अशीच 'पाहा'त घ्या, पुष्कळांना आजोबांचं खरं नाव माहीत नसतं पण 'इंदूरचे अण्णा' माहीत असतात.

आणि जमलं तर सासरच्या आडनावांची एक वेगळी छोटी सूचीच द्या, 'माहेरवाशिणींची सासरची आडनावं' म्हणून. वर्डमध्ये एकापेक्षा जास्त सूच्या काढता येतात. खुणेच्या कंसात, नावाचं अवतरण संपल्यावर, उलटी तिरकी रेघ आणि लहान एफ, मग अवतरणात एखादं इंग्रजी अक्षर असं लिहायचं, आणि सूची जिथे काढाल तिथल्या इंडेक्सच्या कंसातही (ऑल्ट-एफ-नाइन दाबलं की तो दिसतो) तेच जोडायचं. मग ती सूची त्याच अक्षराच्या खुणा तेवढ्या गोळा करते. हे थोडं खटपटीचं आहे, इथे भाच्याला शेजारी बसवा.

गावांचं काम मात्र बरंच आपोआप होतं. गावांना 'कुठलं गुहागर' हा प्रश्न नसतो. नवीन फाइलीत दोन रकान्यांचं टेबल करा, डावीकडे मजकुरात जसा शब्द येतो तसा, उजवीकडे सूचीत जसा हवा तसा. इन्सर्ट इंडेक्सच्या खिडकीत ऑटोमार्क नावाचं बटण आहे, त्याला ही फाइल दाखवली की सगळ्या मजकुरात खुणा पडतात. अडचण आपल्या भाषेच्या विभक्तीची. इंग्रजीत गावाचं नाव बदलत नाही, आपल्याकडे सातारा चं साताऱ्यात, साताऱ्याहून, पुणे चं पुण्याला, पुण्याचे, बडोदे चं बडोद्यास. डावीकडे प्रत्येक रूपाला वेगळी ओळ लागते, उजवीकडे दरवेळी तेच 'सातारा'. आणि ऱ्य ची दोन्ही रूपंसुद्धा घ्या बरं का. एकदा टेबल झालं की चिंता नाही. झाल्यावर थोडी छाटणी करावी लागेल, कारण गावाचा नुसता उल्लेख आला की नोंद नको, तिथे काहीतरी घडलेलं हवं, कुणी स्थायिक झालं, इनाम मिळालं, वाडा बांधला, नोकरी धरली. माणसांच्या बाबतीत माझा नियम उलटा आहे, एका ओळीत उल्लेख असला तरी नोंद हवी, कारण त्या माणसाबद्दल पुस्तकात तेवढंच असेल तर त्याच्या वंशजांना तेवढंच मिळणार.

घटनांच्याही थोड्या नोंदी घ्या, फार नकोत. १८९७ चा पुण्याचा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, यांत घराण्यातली घरं पांगली असतील, माणसं गेली असतील, तर एका नोंदीखाली सगळ्या शाखांच्या कहाण्या एकत्र दिसतात. वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं असं कुठे एकत्र येत नाही.

एखाद्या माणसाचं सविस्तर चरित्र चार-पाच पानं असेल तर प्रत्येक पानावर खूण घालत बसू नका. तेवढा मजकूर सिलेक्ट करून इन्सर्टमधून बुकमार्क करा, त्याला नाव द्या (नावात स्पेस चालत नाही), मग मार्क एन्ट्रीत पेज रेंज निवडून तो बुकमार्क दाखवा, सूचीत १४२–१४६ असं येईल. त्याच खिडकीत पान नंबर ठळक करायची टिक आहे, ती मुख्य चरित्राच्या पानाला लावा म्हणजे वाचणाऱ्याला कळतं आधी कुठे बघायचं. वंशावळीचे तक्ते चित्र म्हणून चिकटवले असतील तर चित्रातल्या नावांना खूण घालता येत नाही, तक्त्याखालच्या मजकुरात घाला, आणि हे विसरू नका कारण कित्येक माणसं फक्त तक्त्यातच असतात.

एक छोटी युक्ती, मार्क एन्ट्रीची खिडकी दरवेळी बंद करायची गरज नसते. ती उघडीच ठेवून मजकुरात क्लिक करा, पुढचं नाव सिलेक्ट करा, परत खिडकीत. आणि एकाच माणसाची नोंद शेजारशेजारच्या पानांवर हवी असेल तर महिरपी कंसासकट आख्खी खूणच कॉपी करून पुढच्या जागी पेस्ट करा, ती सगळ्यात जलद पद्धत आहे.

सगळ्या खुणा झाल्या की आता सूची. पण त्याआधी ते परिच्छेदाचं चिन्ह परत दाबून खुणा लपवा. हे करायचंच, कारण खुणा दिसत असताना त्या जागा अडवतात, मजकूर फुगतो, पानं पुढे सरकतात आणि सूचीत चुकीचे नंबर येतात. चिन्ह दाबूनही खुणा दिसत असतील तर ऑप्शन्समध्ये डिस्प्लेखाली हिडन टेक्स्टची टिक काढा. मग शेवटच्या पानावर जाऊन रेफरन्सेस, इन्सर्ट इंडेक्स, दोन कॉलम, आणि भाषेच्या यादीत मराठी निवडा. यादीत मराठी दिसत नसेल तर आधी ऑप्शन्समधल्या लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडून घ्या. पुढे मजकुरात काही बदललं की सूचीवर क्लिक करून एफ-नाइन.

सूची आल्यावर त्यात चुका दिसतील आणि हात शिवशिवेल तिथेच दुरुस्त करायला. नका करू. पुढच्या एफ-नाइनला सूची नव्यानं तयार होते आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. चूक दिसली की मजकुरातल्या खुणेत जाऊन दुरुस्त करायची, मग एफ-नाइन. क्रम मात्र नीट तपासा. क्ष आणि ज्ञ आपल्या वर्णमालेत शेवटी, पण युनिकोडच्या हिशेबात क्ष म्हणजे क ला ष जोडलेला आणि ज्ञ म्हणजे ज ला ञ, त्यामुळे 'ज्ञानेश्वर' ज मध्ये आलाय की शेवटी ते बघा. ळ चंही तसंच, आपल्याकडे तो ह नंतर, युनिकोडच्या तक्त्यात ल च्या शेजारी. कुठलाही क्रम चालेल, पण एकच ठेवा आणि सूचीच्या वर एका ओळीत सांगून टाका. तुम्हाला हवा तसा नसेल तर अगदी शेवटी, प्रूफ पक्कं झाल्यावर, फाइलची कॉपी घेऊन सूची सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एफ-नाइन दाबा, सूची साध्या मजकुरात बदलते, मग दोन-चार ओळी हातानं हलवा. त्यानंतर त्या कॉपीत ती अपडेट होणार नाही हे लक्षात ठेवा. मग कुठलीही वीस-पंचवीस नावं काढून त्या त्या पानावर माणूस खरंच आहे का बघा, आणि हे तपासायला घरातल्याच दुसऱ्या कुणाला तरी द्या, तुमच्या डोळ्याला आता सगळं बरोबरच दिसणार.

वर्डचं लायसन्स नसेल कुणाकडे तर लिबरऑफिस फुकट आहे आणि त्यातही खुणा घालून सूची काढता येते, तिथे 'होल वर्ड्स ओन्ली' म्हणून एक टिक असते, ती काढली तर 'वाई' शोधताना 'वाईट' मधलाही वाई सूचीत येईल एवढं सांभाळा. गूगल डॉक्समध्ये मात्र पुढची अनुक्रमणिका होते, मागची सूची करायची सोय नाही, त्यामुळे कुणी 'सगळे मिळून तिथे करू' म्हणालं तर मजकूर गोळा करायला ठीक, सूचीसाठी नको.

राहिले प्रेसवाले. त्यांना पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही माझी पीडीएफ जशीच्या तशी छापणार की मजकूर घेऊन तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये परत लावणार. परत लावणार असतील तर पानं बदलणार, आणि वर्डमधले नंबर तिथे उपयोगाचे नाहीत. शक्य असेल तर पीडीएफच द्या, तसं आधीच ठरवून घ्या. आणि पानं वाढण्याबद्दल म्हणाल तर पुस्तक सोळा पानी फर्म्यात (म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीतून निघणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्यात) छापलं जातं, मजकूर संपल्यावर शेवटच्या फर्म्यात बरेचदा कोरी पानं उरतात, ती किती उरतात ते विचारा. सूची दोन कॉलमांत आणि मजकुरापेक्षा दोन पॉइंट लहान टायपात लावली तर खूप नावं मावतात. तरीही एक फर्मा वाढलाच तर शाखांकडून त्याचे पैसे मागा, आणि पत्रात स्पष्ट लिहा की हे तुमच्या आजी-पणजीचं नाव सापडावं म्हणून आहे. आणि ते मागायच्या आधी प्रत्येक शाखेला त्यांच्या मुलींची सासरची आडनावं आजच कळवायला सांगा, कारण तुमच्या यादीत सगळ्यात जास्त रिकाम्या जागा त्याच असणार आणि ते सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.